पिरासाठी काडीमोड

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिरच्यांचे देठ खुडले. अंगणात पोतं अंथरलं, मधे वाळलेल्या मिरच्यांचा ढीग, एका बाजूला ती, एका बाजूला मी. तिचा हात झपाझप चालायचा. माझ्याकडून देठासोबत अर्धी मिरची तुटायची.

"अवो, देठ काढा म्हनलं. मुंडकं काढा नाई म्हनलं," ती म्हणाली.

मी शिंकलो. मग ती शिंकली. मग दोघंही शिंकत बसलो आणि शिंकता शिंकता हसलो. हे तिखट माझ्यासोबत द्यायचं होतं, कॅनडाला. माझे कागद होत आले होते. तिचे होणार नव्हते.

"तिथं भेटत असन की तिखट," मी म्हटलं.

"भेटत असन. पन त्याले रंग असन, चव नसन. सुनेले सांगजा, लेकराच्या वरनात चिमूटभरच टाकजा म्हना."

ढीग संपला तेव्हा ती उठली आणि म्हणाली पाठीत चमक मारून राह्यली, जरा पडते. पडवीत जाऊन पडली. भाकरीची वेळ झाली तरी उठली नाही म्हणून मी हाक मारली. तीन हाका मारल्या. चौथीला जवळ गेलो. तिच्या बोटांना अजून मिरचीचा वास होता.

बस, एवढंच. मरण्यात तिनं कोणाला त्रास दिला नाही. त्रास सगळा आम्ही तिला जिवंतपणी दिला. त्याची मला शिसारी येते, ती लिहितो.

आमचं गाव बेल्याच्या बाजूला, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. तेव्हा हे आंध्रात होतं. एकुलता एक पोरगा, तो शिकला, हैदराबादेत इंजिनेर झाला आणि तिथून कॅनडाला गेला. गावात सांगितलं तर एक जण म्हणाला, "कानडा त बिदरापाशी हाय. मोटारीनं जाऊन येत जा." दुसरा म्हणाला, "पोराले आता कानडी शिका लागन." मी काय सांगणार? मलाच ठाऊक नव्हतं कुठं आहे. पोराच्या पत्रात बर्फाचा फोटो होता, तो दाखवला. मग कानडीची गोष्ट कोणी काढली नाही.

दोन-तीन वर्षांनी पत्र आलं. 'आम्हाला पीआर मिळाला. आता तुम्हालाही कायमचं इथे बोलावता येईल.' मी मोठ्यानं वाचलं. तिनं ऐकलं, पीर मिळाला.

आमच्या गावात मोहरमात पीर, म्हणजे पंजे, बसतात. बसवणारी घरं मुसलमानांची दोनच, पण नवस बोलणारं सगळं गाव. हाच पोरगा तापानं फणफणला होता तेव्हा तिनं पिराला नवस बोलला होता. आता तिला वाटलं, परमुलखातही पोराला पीर भेटला. ती लगेच चुलीपाशी बसली, पोळ्या केल्या, गूळ घालून कुस्करून मलिदा केला आणि पिराच्या चौथऱ्यावर नेऊन वाटला. मी तिला खरं सांगितलं ते मलिदा खाऊन झाल्यावर. "अवं, ते पीर नाई. तिथं कायमचं राह्याचा परवाना हाय. पी आर. दोन अक्षरं हायेत."

"असन परवाना. देनारा कोनी त असन ना? मी पीरच म्हनीन," ती म्हणाली. आणि शेवटपर्यंत पीरच म्हणत राहिली.

आपल्याकडं जन्मलं की राहता येतं. कोणी विचारत नाही, तू इथं राहायच्या लायकीचा आहेस का. तिथं लायकी दाखवावी लागते. तो तर शिकलेला, त्यानं दाखवली. आता आम्ही दाखवायची होती.

जन्माचा दाखला कोणाकडं होता? गावच्या कारकुनानं दोघांनाही एकच तारीख, एक जून, एकाच सालातली लिहून दिली. पोरानं कागदांसाठी धरलेल्या हैदराबादच्या दलालानं पाहिलं आणि मला विचारलं, "बहन है क्या?" तिथं पहिल्यांदा माझं डोकं फिरलं. पुढं सवय झाली.

मग फोटो. आदिलाबादेत फोटोवाल्यानं तिला सांगितलं पदर काढा, दोन्ही कान दिसले पाहिजेत, तसा नियम आहे. माझ्या मायबापासमोर, दिरासमोर, जन्मात तिच्या डोक्यावरचा पदर कोणी सरकलेला पाहिला नाही. ती माझ्याकडं पाहायला लागली. मी म्हटलं, काढ. तिनं काढला. फोटोत ती अशी दिसत होती जशी पोलिसांनी धरून आणलेली बाई. तो फोटो मी आता ठेवलेला नाही.

कान दाखवले, आता छाती दाखवा म्हणाले. हैदराबादेत त्यांचा ठरलेला एक दवाखाना होता. तिथं एक्स-रे काढला. माझा साफ निघाला. तिच्या फुफ्फुसावर पांढरा डाग निघाला. पोरगा लहान असताना तिला टीबी झाला होता, आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात वर्षभर सुया घेतल्या आणि बरी झाली. त्यानंतर पंचवीस वर्षं तिनं कापूस वेचला, निंदण केलं, डोक्यावर पाणी वाहिलं. पण डाग तो डाग. डॉक्टर म्हणाला, थुंकी तपासावी लागेल, तीन दिवस, सकाळी, आमच्यासमोर.

त्यांनी तिच्या हातात झाकणाची डबी दिली. एका खोलीत बाकावर सात-आठ माणसं बसलेली, प्रत्येकाच्या हातात डबी, आणि सगळे खाकरून राहिले. पंजाबी म्हातारे, साहेबासारखे कपडे घातलेली पोरं. काचेच्या पलीकडून एक बाई पाहत होती, खरंच स्वतःचंच थुंकतात की नाही. हिला काही थुंकता येईना. खोकला असेल तर निघेल ना! बाई हिंदीत ओरडायची, "अंदर से, अम्मा, अंदर से!" मिठाची वाफ दिली. वाफेनं डोळ्यांतून पाणी आलं, छातीतून काही आलं नाही.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "जनमभर लोकाईसमोर थुकली नाई मी. आता थुका म्हनते त थुक बी येत नाई." मग थोडं चालल्यावर म्हणाली, "कसा पीर हाय हा? आपला पीर त खोकल्याच्या मानसाले बी जवय घेते."

थुंकीत काही निघालं नाही. पण त्यांचं समाधान झालं नाही. सहा महिन्यांनी पुन्हा या म्हणाले. सहा महिन्यांनी गेलो. पुन्हा डबी. पुन्हा सहा महिने. पोराचं बाळ तोपर्यंत चालायला लागलं होतं. सून आणि पोरगा दोघंही कामाला जायचे आणि लेकराला दिवसभर एका बाईच्या घरी ठेवायचे. तिथला फोटो आला होता. दहा-बारा लेकरं खाली जमिनीवर, प्रत्येकाच्या छातीवर नावाची चिठ्ठी टोचलेली. हिनं तो फोटो चुलीवरच्या फळीवर लावला. येता जाता पाहायची. "लेकराले चिठ्ठी लावते वो. बकऱ्यावानी," म्हणायची.

खरं सांगायचं तर पोराला आईबाप नको होते, दाई पाहिजे होती. हे मी तिला बोललो एकदा. ती भडकली. "मंग काय झालं? आजी दाईच असते. तुमाले काय वाटलं, मी तिथं खुर्चीवर बसाले चालली?"

मग पोराचं ते पत्र आलं. दलालानं त्याला फोनवर सांगितलं होतं, आईच्या डागामुळं दोघांचाही अर्ज अडकला आहे. बापाला एकट्याला येतो म्हटलं तरी बायकोची तपासणी लागते, बायको नापास तर नवराही नापास. एकच रस्ता आहे. बापाला बायकोच नसली तर बाप पास. तुमच्या जातीत पंचांसमोर फारकत होते ना, ती स्टॅम्पावर लिहून घ्या. बाप आधी येऊ द्या. आईचं पुढं पाहू. पोरानं खाली लिहिलं होतं, 'बाबा, हे फक्त कागदावर आहे. मनावर घेऊ नका.'

मी पत्र फेकलं. शिव्या दिल्या, पोराला, दलालाला, त्या मुलखाला. तिनं पत्र उचललं. वाचता येत नव्हतं तरी घडी नीट केली.

"काय लिवलं?"

सांगितलं.

ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "लिवून द्या."

"डोकं फिरलं काय तुह्यं?"

"काऊन? एक अंगठा त लावा लागते. घरचा एक तरी हात त्या लेकरावर फिरला पायजे. माह्या नाई त तुमचा."

"मले लेकरं सांभाळता येत नाई."

"ते पाह्यलं मी. पन शिकाल."

मी आठ दिवस नाही म्हटलं. नवव्या दिवशी हो म्हटलं. का म्हटलं, हे अजून माझं मला नीट सांगता येत नाही. तिचं मन राखायला म्हटलं असं मी लोकांना सांगतो. पण थोडं माझ्या मनातही होतं की विमानात बसावं, बर्फ पाहावा. हेही लिहून ठेवतो, लपवून काय करू.

पंच बोलावले. पाच जण आमच्या अंगणात बसले. चार जण म्हणाले, कागदच आहे, देऊन टाकू सही. पाचवा, सगळ्यांत म्हातारा, कानानं कमी ऐकायचा. त्यानं कागद वाचायला लावला. कागदात दलालानं लिहून पाठवलं होतं, 'रिवाजाप्रमाणे पंचांसमक्ष काडी मोडून फारकत झाली.' म्हातारा म्हणाला, "काडी कुठं मोडली?"

"बाबाजी, ते नुसतं लिवाले हाय," मी म्हटलं.

"मी पाह्यली नाई त मोडली कसी म्हनू? मोडसान त अंगठा लावतो. नाई त चाललो घरी."

आमच्यात काडीमोड म्हणजे तोंडची गोष्ट नाही. नवराबायको गवताची किंवा ज्वारीची काडी दोन टोकांनी धरतात आणि पाच जणांसमोर मोडतात. मोडली की नातं संपलं. पुन्हा संसार करायचा तर पुन्हा लग्न लावावं लागतं. हे म्हाताऱ्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं.

तिनंच गोठ्यातून ज्वारीची काडी आणली. एक टोक माझ्या हातात दिलं. माझा हात काही वाकेना.

"मोडा ना! सकाऊनची भाकर कुठं गेली?" ती म्हणाली. पंच हसले. मीही हसलो. हसता हसता काडी मोडली. वाळलेली होती, आवाज आला. मग कोणीच हसलं नाही.

म्हातारा म्हणाला, "आता डोरलं काढ बाई."

तिनं गळ्यावर हात ठेवला. "काडीचं बोलनं झालतं. डोरल्याचं नवतं झालं."

म्हाताऱ्यानं मान हलवली. अंगठा लावला. पटवाऱ्यानं नकलेवर मोहर मारली. पटवाऱ्याचं पद सरकारनं कधीच काढून टाकलं, नवीन नाव दिलं, पण आमच्या तोंडी पटवारीच. कागद हैदराबादेला गेला.

त्यानंतर आम्ही त्याच घरात राहिलो. ती स्वयंपाक करायची, मी जेवायचो. सुरुवातीला तिची थट्टाच चालायची. "काडीमोडल्या बाईच्या हातची भाकर चालते का, पाव्हनं?" मी म्हणायचो, "चालते, पन मीठ कमी पडलं." एक दिवस तिचा भाऊ आला. तिच्या माहेरी तामसीकडं बातमी पोचली होती, आणि ती कागदाची म्हणून पोचली नव्हती. त्यानं दारातच मला विचारलं, "मोडली का?" मी म्हटलं, "मोडली, पन ऐक..." तो पाणीही न पिता गेला. बहिणीकडं त्यानं पाहिलं नाही. त्या दिवसापासून तिची थट्टा बंद झाली. भाकर वाढताना ती माझ्याकडं पाहायची नाही. मी म्हटलं, "अवं, मनावर घेऊ नोको." पोराचं वाक्य माझ्या तोंडून आलं. ऐकून मलाच घाण वाटली.

आणि मग तो मिरच्यांचा दिवस.

तिला अंगणात आणलं. शेजारच्या बायांनी आंघोळ घातली. आमच्यात नवरा जिवंत असताना बाई गेली की तिला सवाशीन म्हणून नेतात. माहेरचं हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, ओटी. दुपार उतरताना भाऊ आला. त्याच्या हातात लुगडं होतं, पांढरं.

मी म्हटलं, "हे काय आनलं?"

"टाकलेल्या बाईले काय आनतेत? तुमीच टाकली न?"

"कागदासाठी मोडली होती. सगळ्या गावाले ठाऊक हाय."

"मंग इचारू," तो म्हणाला आणि त्या म्हाताऱ्या पंचाकडं वळला. "बाबाजी, काडी मोडली का नाई?"

म्हाताऱ्याला दोनदा विचारावं लागलं. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाला, "मोडली."

"पुना पाट लावला?"

"नाई लावला."

मला त्या म्हाताऱ्याचा राग आला नाही. तो खरं बोलत होता. तेवढ्या अंगणात खरं बोलणारा तोच होता. किळस आली ती माझी आली. माझ्या बायकोचं प्रेत समोर पडलेलं, आणि ती कोण होती यावर लोक पंचायत करून राहिलेले, आणि ही पंचायत मी माझ्या हातानं, हसता हसता उभी केलेली.

मी घरात गेलो. तिची पेटी उघडली. पोराच्या लग्नात सुनेच्या माहेरून आलेलं हिरवं लुगडं होतं, घडी न मोडलेलं. ते बायांकडं दिलं. "नेसवा." कुंकवाचा करंडा आणला आणि तिच्या कपाळाला मीच कुंकू लावलं. थोडं नाकावर सांडलं. भाऊ म्हणाला, "कोनत्या हक्कानं?" मी म्हटलं, "हात धरून दाखव माह्या." त्यानं धरला नाही. शेवटी तोही रडायला लागला आणि त्यानं ते पांढरं लुगडं दाराच्या खुंटीला अडकवलं. खांदा मात्र दिला.

संध्याकाळी घाटावरून आलो तर कापसाच्या व्यापाऱ्याचा माणूस बोलवायला उभा. गावात फोन त्याच्याच दुकानात होता, दुपारी तिथूनच पोराला कळवलं होतं. पोराचा फोन. पोरगा रडत होता. मोठ्यानं, लहानपणी रडायचा तसा. येतो म्हणाला, तिकीट पाहून राहिलो म्हणाला, चार दिवस लागतील. मी हूं हूं केलं. मग त्यानं नाक ओढलं आणि म्हणाला, "बाबा, एक ऐका. मृत्यूच्या दाखल्यात आईला तुमची पत्नी म्हणून लिहू नका. तिच्या वडिलांचं नाव लिहा. नाही तर फारकत खोटी ठरेल. तुमची फाईल शेवटच्या टप्प्यात आहे. आई गेली, आता तुम्ही तरी या. तिथं एकटे काय कराल?"

मला कळत होतं, वाईट हेतूनं बोलत नाही. त्याला बाप पाहिजे होता, आता दाई म्हणून नाही, बाप म्हणूनच पाहिजे होता. पण आईची राख अजून गरम होती आणि तिला कोणत्या रकान्यात बसवायचं ते त्यानं ठरवून ठेवलं होतं.

"बाबा? ऐकलं ना?"

"ऐकलं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुतलं, चहा नाही घेतला, आणि पटवाऱ्याच्या दारात जाऊन बसलो. तो तेलगू माणूस, आमच्याशी मोडकं मराठी बोलायचा, मला पेद्दायना म्हणजे मोठे बाबा म्हणायचा. बनियनवरच बाहेर आला. "अय्यो, पेद्दायना, सुतकात कायको आले? दाखल्याला घाई नाही."

"मले हाय घाई. लिवा."

त्यानं रजिस्टर काढलं. नाव लिहिलं, वय अंदाजानं लिहिलं. मग पेन थांबवला. "नातं काय लिहू?"

"बायको."

"पेद्दायना, फारकतीच्या नकलेवर मोहर माझीच आहे. बायको कशी लिहू? बापाचं नाव सांगा ना."

"फारकत खोटी होती."

"हळू बोला! खोटी म्हटलं तर तुमचं कॅनडा गेलं. कायमचं गेलं. पुन्हा अर्ज पण घेणार नाहीत. आणि मला पण विचारतील."

"तुमाले इचारलं त माह्यं नाव सांगा. म्हना बुड्यानं फसवलं. मी सही करून देतो त्याच्यावर."

"पोराला विचारलं?"

"पोराची माय होती. बायको माही होती."

तो खाली मान घालून लिहायला लागला. लिहिणं तेलगूत होतं, मला त्यातलं एक अक्षर येत नाही. मी म्हटलं, "कोनतं हाय त्यातलं बायको?"

त्यानं एका शब्दावर पेनाचं टोक ठेवलं. गोल गोल अक्षरं होती. मी ती नीट पाहून घेतली. मग त्यानं सांगितलं तिथं सही केली. माझी सही वाकडी आली, पण आली.